‘राहिलं, आत्ता बघतो’: वॉर्डात ओशाळायला होतं तेव्हा काय करावं

पावसाळ्यातली पहाट, साडेपाच वाजले असतील. मी इंटर्न होतो आणि तळकोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात कॅज्युअल्टीला होतो. तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन बाप आला. बापाच्या पायांना गुडघ्यापर्यंत लावणीचा चिखल, डोक्यावर प्लास्टिकचं पोतं. मुलाच्या पोटात दुखत होतं, दोनदा उलटी झाली होती. मी पोट चाचपलं, मऊ लागलं. इंजेक्शन लिहून दिलं. ड्यूटीवरच्या सिस्टरनी केसपेपर हातात घेतला आणि विचारलं, “डॉक्टर, खालचं बघितलंत का?”

बाप समोर, मुलगा समोर, मावशी फरशी पुसत होत्या त्याही थांबल्या. माझे कान तापले. मी म्हणालो, “बघितलं.”

बघितलं नव्हतं.

दहा मिनिटं मला बसवेना. परत गेलो, पडदा ओढला, मुलाच्या बापालाच जवळ उभं केलं आणि चड्डी खाली करायला सांगितलं. डावं वृषण सुजून वर चढलेलं होतं, मुलगा हात लावू देईना. वृषणाला पीळ पडला होता. कळ आदल्या रात्री नऊला सुरू झाली होती, पण लाजेपायी पोरानं आईला ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगितलं. तसाच पाठीवर, कुशीवर होत त्यानं रात्र काढली. आम्ही गाडी काढली, पण सर्जनच्या टेबलावर पोचेपर्यंत दहा तास उलटून गेले होते. वृषण काढावं लागलं.

असा पीळ सहा तासांच्या आत सोडवला तर वृषण बहुतेकदा वाचतं. पुढे दर तासाला आशा कमी होत जाते. म्हणजे ते रात्रीच हातचं गेलं होतं, सर्जननीही मला तेच सांगितलं. पण ‘बघितलं’ हे माझं मीच बोललो होतो. मुलाच्या संकोचानं रात्र गेली आणि माझ्या संकोचानं दहा मिनिटं. त्याला तेरा वर्षांचं असल्याची सूट होती, मला नव्हती.

गेली कित्येक वर्षं मी इंटर्न मुलामुलींना शिकवतो आहे. डेरवण, ओरोस, अलिबाग, रत्नागिरी अशी आता कोकणातच मेडिकल कॉलेजं झाली आहेत, त्यामुळे इथल्या वॉर्डांत शिकणारी पोरं भरपूर आहेत. पहिल्या दिवशी मी त्यांना औषधांबद्दल काही सांगत नाही, ओशाळण्याबद्दल सांगतो. तेच इथे क्रमानं लिहितो आहे.

पहिली पायरी: जे वाटतंय त्याला नेमकं नाव द्या

आपल्या भाषेत यासाठी शब्द मुबलक आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. काही करण्याआधी वाटतो तो संकोच. चारचौघांत काही चुकलं की त्या क्षणी होतं ते ओशाळणं, कानकोंडं होणं. ‘माझ्याकडून चूक झाली’ ही टोचणी म्हणजे अपराधीपण. ‘मीच नालायक आहे’ असं वाटतं ती लाज. आणि दुसऱ्यानं मुद्दाम खाली पाहायला लावलं तर तो अपमान.

हा फरक मी पोरांकडून घोकून घेतो, कारण प्रत्येकावर इलाज वेगळा आहे. संकोचाला तयारी लागते. ओशाळण्याला एक वाक्य पुरतं. अपराधीपण चूक निस्तरायला लावतं, म्हणून ते कामाचं आहे. लाज मात्र माणसाला तोंड लपवायला लावते, आणि लपणारा डॉक्टर रुग्णाला धोक्याचा. अपमानावर विद्यार्थ्याकडे इलाज नसतो, तो शिकवणाऱ्यानं थांबवायचा असतो.

शरीरात काय होतं तेही माहीत असावं. सिंपथेटिक मज्जासंस्था जागी होते, चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कान-गाल तापतात, नजर खाली जाते. डार्विननं १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर लिहिलं तेव्हा लाजून लाल होण्याला अख्खं प्रकरण दिलं आणि सगळ्या हावभावांत हाच सर्वांत खास माणसाचा, असं म्हटलं. हे थांबवता येत नाही. थांबवायला गेलं की वाढतं. म्हणून चेहरा सावरण्यात वेळ घालवू नका, तो आपोआप निवळतो.

ओशाळण्याचा एक उपयोगही आहे. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५६ मध्ये मांडलं ते असं: आपण लोकांपुढे जे म्हणून उभे असतो त्याला समोर घडलेल्या गोष्टीनं तडा गेला की माणूस ओशाळतो. इंटर्नच्या बाबतीत हा तडा रोजचाच आहे. अंगात ॲप्रन, गळ्यात स्टेथोस्कोप, रुग्ण ‘डॉक्टर’ म्हणतोय आणि आपण अजून शिकतोय. त्यामुळे ओशाळणं हे तुम्ही कच्चे असल्याचं लक्षण नाही, तुम्हाला त्या रुग्णाची आणि कामाची पर्वा असल्याचं आहे. समोरच्यालाही ते कळतं. १९८२ मधल्या एका प्रयोगात दुकानातली रचलेली थप्पी पाडणाऱ्या माणसाची चित्रफीत लोकांना दाखवली होती. पाडून ओशाळलेला माणूस त्यांना निर्विकार राहणाऱ्यापेक्षा अधिक आवडला. वॉर्डात मला हेच रोज दिसतं.

दुसरी पायरी: त्या क्षणाचं वाक्य आधीच पाठ करून ठेवा

या लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल. ओशाळायला झालं की दोन-तीन सेकंदांत तोंडातून काहीतरी निघतं. आधी ठरवलेलं नसेल तर खोटं निघतं: ‘बघितलं’, ‘पाठवलंय’, ‘नॉर्मल होतं’. हे बोलणारी पोरं खोटारडी नसतात. त्या क्षणी जीभ सुटकेचा सर्वांत जवळचा रस्ता धरते, इतकंच.

म्हणून तोच रस्ता आधी बांधून ठेवायचा. माझ्या इंटर्नना मी तीन वाक्यं देतो:

“राहिलं, आत्ता बघतो.”
“मला हे येत नाही, दाखवाल का?”
“ऐकलं पण नीट कळलं नाही, परत सांगा.”

ही नुसती वाचून उपयोग नाही. हॉस्टेलच्या खोलीत जोडीदाराला समोर बसवा, त्यानं चढ्या आवाजात विचारायचं, “रिपोर्ट पाहिलास?” आणि तुम्ही “राहिलं, आत्ता बघतो” म्हणायचं. वीस वेळा. पहिल्या पाच वेळा हसायला येतं, नंतर जीभ वळते. ‘राहिलं’ या शब्दाची निवडही मुद्दाम आहे. ‘नाही बघितलं’ म्हटलं की पुढे कारण द्यावंसं वाटतं आणि कारणांत रुग्ण हरवतो. ‘राहिलं’मध्ये काम अजून करायचं आहे हे आपोआप येतं.

तिसरी पायरी: अवघड जागची तपासणी

‘अवघड जागचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण घरोघरी माहीत आहे. सांगायचं तर कसं, आणि न सांगून चालत नाही. कोकणातल्या तालुक्याच्या दवाखान्यात ही म्हण जवळजवळ शब्दशः खरी असते, कारण डॉक्टर कुणाच्या तरी गाववाल्याचा मुलगा असतो, सिस्टर शेजारच्या वाडीतली असते आणि बाकड्यावर बसलेल्या चौघी एकमेकींच्या सोयऱ्या असतात. रुग्ण काही सांगत नाही यात त्याचा दोष नाही. त्याला सांगता येईल अशी जागा करून देणं आपलं काम आहे.

संकोचानं वैद्यकाला पुष्कळ दिलंही आहे. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लायनेक यांच्यापुढे हृदयाचा त्रास असलेली एक स्थूल तरुणी आली. तेव्हा डॉक्टर छातीला थेट कान लावून ऐकत. तिचं वय आणि स्त्री असणं पाहता ते त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीला, दुसरं स्वतःच्या कानाला लावलं, आणि ठोके कान लावून येत त्यापेक्षाही स्वच्छ ऐकू आले. तुमच्या गळ्यातला स्टेथोस्कोप तिथून आला. संकोच वाटला तेव्हा त्यांनी तपासणीची वेगळी वाट काढली, तपासणी टाळली नाही. मुलांना मी हे दर बॅचला सांगतो.

आता प्रत्यक्षात करायचं कसं.

आधी बोला. काय तपासणार, का, किती वेळ लागेल, हे सांगा आणि होकार घ्या. “पोटात दुखण्याचं कारण कधीकधी खाली असतं, म्हणून तिथेही बघावं लागेल. दुखलं तर हात वर करा, मी थांबेन.” एवढं पुरे. लहान मुलाला आई-वडिलांदेखत, पण थेट मुलालाच सांगा, दुखणं त्याचं आहे.

मग पडदा. पडदा नसेल तर चादर दोघांना धरायला लावा. पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासत असेल तर सिस्टर किंवा दुसरी स्त्री जवळ असलीच पाहिजे. ती यायला दहा मिनिटं लागली तर तेवढं थांबा, जीवावर बेतलं असेल तेव्हाचीच काय ती गोष्ट वेगळी. जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा, तपासून झाला की लगेच झाका. पांघरूण आपल्या हातानं नीट करा. रुग्णाच्या लक्षात तेवढंच राहतं.

शब्द आधीपासून जमवून ठेवा. आमच्याकडच्या बायका ‘ल्युकोरिया’ म्हणत नाहीत, ‘अंगावरून पांढरं जातंय’ म्हणतात. कुणी ‘परसाकडे साफ होत नाही’ म्हणेल, कुणी ‘लघवीच्या जागी आग होते’ म्हणेल. तुम्ही हे शब्द सहज, आवाज न बदलता वापरले की समोरची व्यक्ती सैल होते. तुम्ही ते पुटपुटलात तर तीही पुटपुटणार.

मराठवाड्यातून, विदर्भातून, राष्ट्रीय कोट्यातून परराज्यांतूनही मुलं इथे येतात आणि मालवणी ऐकून बावरतात. राजस्थानकडच्या एका मुलीनं पहिल्या आठवड्यात हिय्या करून एका आजींना “खंय दुखता?” असं विचारलं. अख्खा वॉर्ड हसला, ती लालबुंद झाली. पण आजींनी तिचा हात धरला आणि कुणालाही न सांगितलेलं दुखणं तिला सांगितलं. ते हसू कौतुकाचं होतं, हे तिला दोन दिवसांनी उमगलं. भाषेच्या बाबतीत हसू येऊ द्या, बोलत राहा.

आणि ज्या तपासण्या फक्त संकोचापायी राहतात त्यांची यादी स्वतःसाठी वहीत लिहा: पोटदुखीच्या मुलाचं वृषण आणि जांघ, गाठ म्हणणाऱ्या बाईचे दोन्ही स्तन आणि काखा, शौचातून रक्त जाणाऱ्याची गुदद्वाराची तपासणी. मूळव्याध समजून महिनोन्महिने मलम लावलं गेलं आणि निघाला कॅन्सर, अशा कहाण्यांच्या मुळाशी बहुतेकदा एक न केलेली तपासणी असते.

चौथी पायरी: हात चुकतात तेव्हा

शीर न मिळणं ही इंटर्नची रोजची परीक्षा. जून-जुलैत तापाचे, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला जंतुसंसर्ग), जुलाबाचे पेशंट ओळीनं येतात. अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, शिरा बसलेल्या असतात. तिसऱ्यांदा सुई टोचताना हात थरथरतो, घाम सुईवर पडेल की काय असं वाटतं, आणि नातेवाईक बघत असतात.

इथे नियम टोचण्याआधीच जाहीर करायचा: “मी दोन वेळा प्रयत्न करीन. नाही मिळाली तर सिस्टरना बोलावीन.” मग तिसऱ्या वेळी दुसऱ्याला हाक मारणं ही हार राहत नाही, सांगितलेली पद्धत होते. हात कॉटखाली लोंबता सोडा, कोमट पाण्याचा कपडा दोन मिनिटं गुंडाळा, मूठ उघडझाप करायला लावा. बारीक शिरेला गुलाबी सुईचा हट्ट नको, तिच्याहून बारीक निळी घ्या. अशाच एका दिवशी माझा एक इंटर्न दोनदा चुकून उठत होता, तेव्हा आजीच त्याला म्हणाल्या, “भिया नको रे झिला, माझी शीर कोणाकच गावणा नाय.” रुग्ण आपल्याला समजतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त समजून घेतो, फक्त त्याला अंधारात ठेवायचं नाही.

दुसरं उदाहरण फुरशाचं. फुरसं किंवा घोणस चावली की रक्त गोठेनासं होतं, ते पाहायला वीस मिनिटांची चाचणी असते. स्वच्छ, कोरडी काचेची नळी, दोन मिलि ताजं रक्त, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग एकदाच तिरकं करून बघायचं. दिसायला पोरखेळ, पण चुकायच्या जागा बऱ्याच. प्लास्टिकची नळी चालत नाही. साबणानं धुतलेली नळी असेल तर चांगलं रक्तही गोठल्यासारखं दिसत नाही. आणि सर्वांत जास्त वेळा चुकते ती वेळ, सुरुवात कधी केली ते लिहायचं राहतं. अशा वेळी ‘झाली असतील वीस’ असं अंदाजानं ठोकणारा इंटर्न मी पाहिला आहे. तो आळशी नव्हता, विचारायला लाजत होता. वेळ राहिली असेल तर तसं म्हणा आणि नवं रक्त घ्या. वीस मिनिटं जातील, पण सर्पविषाची लस चालू करायची की नाही हा निर्णय अंदाजावर होणार नाही. दरम्यान सीनिअरला कळवा, कारण रक्तस्राव, सूज अशी लक्षणं उघड असतील तर ते चाचणीसाठी थांबणारही नाहीत.

‘भीड भिकेची बहीण’ असं आपल्याकडे म्हणतात. वॉर्डात भीड धरली की भीक रुग्णाच्या पदरी पडते.

पाचवी पायरी: राउंडवर ‘माहीत नाही’ कसं म्हणावं

नुसतं ‘माहीत नाही’ म्हणून मान खाली घालू नका. तीन तुकड्यांत बोला: इथवर माहीत आहे, इथून पुढे नाही, इतक्या वेळात बघून सांगतो. “कावीळ आणि पिंढऱ्या दुखतायत, म्हणून लेप्टोचा संशय आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) किती ते पाहिलं नाही. राउंड संपायच्या आत सांगतो.” आणि सांगायचंच.

सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं, तेवढे बघत नसतात. २००० साली थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल असं विद्यार्थ्यांना वाटलं, प्रत्यक्षात चौथ्या हिश्शाच्या आसपास लोकांच्याच तो लक्षात आला होता. तुमचं चुकलेलं उत्तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाकीच्या बॅचच्या डोक्यातून गेलेलं असतं. तिथे प्रत्येकाला स्वतःचंच चुकलेलं आठवत असतं.

आणि ‘माहीत नाही’ मान्य केल्यावर काय उभं राहतं ते कोकणानं पाहिलं आहे. लाल विंचवाच्या दंशानं इथे माणसं, विशेषतः मुलं, दगावत होती आणि त्यावर नेमका उपाय हाताशी नव्हता. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं आणि ते काम जगभर पोचवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सहावी पायरी: खरी चूक झाली तर त्या दिवशीचा क्रम

आधी रुग्ण. जे घडलंय त्यानं आत्ता काय होऊ शकतं ते बघा, सीनिअरला फोन करा, फोनवर पहिलं वाक्य झालेल्या चुकीबद्दलचं असू द्या: “सर, माझ्याकडून डोस दुप्पट गेला आहे, पेशंट शुद्धीवर आहे, बीपी अमुक आहे.” पार्श्वभूमी नंतर. मग केसपेपर. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ, खाली बरोबर नोंद, सही, तारीख, वेळ. नातेवाइकांशी सीनिअरबरोबर बसून बोला, एकटे बोलू नका, आणि दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच सांगा.

मग संध्याकाळी कुणातरी एका माणसाशी बोला. मी त्या पहाटेबद्दल आठवडाभर कुणाशी बोललो नव्हतो. त्या आठवड्यात सिस्टरच्या समोर जायचं टाळलं, कॅज्युअल्टीची ड्यूटी बदलून घेतली. ओशाळणं कधीच ओसरलं होतं, मागे राहिली होती ती लाज, आणि ती रोज वाढत होती. शेवटी सिस्टरना जाऊनच सांगितलं, “त्या दिवशी मी खोटं बोललो.” त्या म्हणाल्या, “मला तेव्हाच कळलं होतं. दहा मिनिटांनी गेलात ना परत, म्हणून गप्प राहिले.”

झोप उडाली, वॉर्डात पाय टाकवेना, जगणंच नकोसं वाटलं, तर वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. डॉक्टर म्हणून नका बोलू, माणूस म्हणून बोला.

शिकवणाऱ्यांसाठी

चूक घडत असताना थांबवणं आणि चुकीबद्दल बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत. थांबवायचं तर तिथेच, छोट्या वाक्यात: “थांब. ग्लोव्हज बदल.” बोलायचं ते बाहेर, दार लावून. रुग्णासमोर झापलं की रुग्णाचा त्या मुलावरचा विश्वास जातो, मुलाचा स्वतःवरचा जातो, आणि पुढची चूक ते मूल आपल्यापर्यंत येऊ देत नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की चांगलं नेतृत्व आणि मोकळं वातावरण असलेल्या वॉर्डांत औषधांच्या चुकांची नोंद जास्त होत होती. चुका जास्त होत्या म्हणून नव्हे, तिथे त्या बोलून दाखवता येत होत्या म्हणून. ‘आमच्या वॉर्डात चुकाच होत नाहीत’ असं कुणी सांगितलं की मला काळजी वाटते.

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा वेगळा भाग आला आहे, ही फार चांगली गोष्ट झाली. पण तो वर्गात शिकवला जातो आणि राउंडवर विसरला जातो. महिन्यातून एकदा तुम्ही स्वतःची एक चूक इंटर्नसमोर सांगा, नाव-गाव वगळून, पण स्वतःला न वगळता. मी पहाटेची ती गोष्ट दर बॅचला सांगतो. सांगताना अजूनही कान तापतात, मुलांना ते दिसतं, दिसू देतो.

आणि आमच्या कॅज्युअल्टीच्या केसपेपरवर मी एक रबरी शिक्का करून घेतला आहे. पोटदुखीचा मुलगा आला की सिस्टर तो मारतात. त्यावर एकच ओळ आहे, ‘वृषण व जांघ तपासली’, आणि पुढे खुणेसाठी दोन चौकोन: ‘हो’ आणि ‘राहिलं’. ‘नाही’चा चौकोन मुद्दाम ठेवलेला नाही. ‘राहिलं’वर खूण असेल तर केसपेपर पुढे जात नाही, पडदा ओढला जातो.